तत्त्वज्ञानाची पदवी आणि इरावतीबाई

मुलीला कला शाखेत घालून पुढे तिचे व्हायचे काय, हा प्रश्न दर जूनमध्ये आमच्या मंडळाच्या बैठकीत निघतोच. यंदा माझ्याच नातीने तत्त्वज्ञान घ्यायचे ठरविले, तेव्हा साऱ्या भगिनींच्या नजरा माझ्याकडे वळल्या. खरे सांगायचे तर काळजी मलाही वाटली. मग इरावतीबाई कर्वे यांचे चरित्र आठवले आणि मन स्थिर झाले.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथल्या नदीवरून त्यांचे नाव ठेवले. वडील तिकडे नोकरीस. मुलीला मात्र शिक्षणासाठी लहानपणीच पुण्यास हुजूरपागेत धाडले. रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या लेकीसारख्या वाढल्या. १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या.

पुढे मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली एम. ए. होऊन त्या बर्लिनला गेल्या. तेथील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशावंशांत उच्चनीच मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध आहे काय, हे पाहण्याचे काम त्यांनी बाईंना दिले. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध! तरीही १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

परत आल्यावर त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम केले. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गुजरातेत लांघणज येथे उत्खननात सापडलेले मानवी सांगाडे त्यांनी तपासले. भारतभरच्या नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट चालल्या, ललित लेख लिहिले. महाभारतातील कुंती, गांधारी, द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून उतरवून माणसे म्हणून पाहणाऱ्या ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९७० साली त्या गेल्या.

कवटी, कचेरी, नातीगोती आणि महाभारत! वरवर पाहता एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पण सांगितलेले तपासल्यावाचून खरे मानायचे नाही, ही सवय सगळीकडे एकच दिसते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तिला वळण लागले असावे, असे मला वाटते.

त्यांचे सारेच आज मान्य होते असे नाही. अंगाची मापे घेऊन वंश व जाती पारखण्याच्या त्यांच्या पद्धतीवर पुढच्या अभ्यासकांनी टीका केली आहे. आणि हेही विसरू नये, की त्यांना परांजप्यांचे घर लाभले, पुढे दिनकररावांसारखे रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले आणि बायकोच्या अभ्यासाला मनापासून साथ देणारे पती लाभले. नुसत्या पदवीने इतके झाले नसते.

म्हणूनच आता मी प्रश्न फिरवून विचारते. मुलीचे काय होणार हे विचारण्याआधी, तिच्या पाठीशी आपण किती उभ्या राहणार? माझ्यापुरते उत्तर ठरले आहे. नातीचा प्रवेश-अर्ज भरून झाला, आणि पहिल्या वर्षाची फी मी माझ्या साठवणीतून भरली आहे.