झिजलेल्या नाण्यांचा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

गणिताचा प्राध्यापक जुन्या नाण्यांपुढे तराजू घेऊन बसतो, हे नवलच. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते केले व इतिहास वाचण्याची एक नवी वाट दाखविली.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले व १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. मायदेशी परतल्यावर बनारस, अलिगढ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि १९४५ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे त्यांनी काम केले.

संख्याशास्त्रासाठी हाती खरी आकडेवारी हवी, म्हणून ते नाण्यांकडे वळले. आपली सर्वांत जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या तुकड्यावर सूर्य, डोंगर, प्राणी अशी चिन्हे निरनिराळ्या ठशांनी उमटवीत. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल! सारखी चिन्हे जुळवून गट पाडता येतात; पण आधीचा गट कोणता व नंतरचा कोणता?

कोसंबींनी उत्तर झिजेत शोधले. चांदी वापराने झिजते, हे आमच्या झरीत कडे मोडीत घालणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक असते. कोसंबींनी त्या झिजेचे गणित मांडले. प्रथम चालू व्यवहारातील हजारो नाणी तोलून झीज नियमाने होते हे पडताळले. मग तक्षशिलेच्या साठ्यातील नाणी घेतली. मागील बाजूचे तपासणीचे बारीक ठसे जसजसे वाढत, तसतसे सरासरी वजन घटत असे. म्हणजे मुळात सारख्या वजनाच्या नाण्यांत जो गट अधिक झिजलेला, तो अधिक काळ फिरलेला.

यासाठी साठा अखंड मिळावा लागतो. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. ती मुशीत गेली असती, तर एवढ्या मोठ्या सत्तांतराची साक्षच वितळली असती. नांगराच्या फाळाला लागलेले नाणे म्हणूनच नुसती चांदी नव्हे.

कोसंबींचा भारतीय इतिहासावरील गाजलेला ग्रंथ १९५६ साली निघाला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची नोकरी संपली, पण अभ्यास थांबला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. चिन्हांचा राजांशी त्यांनी लावलेला मेळ पुढील अभ्यासकांनी जसाच्या तसा मान्य केला नाही. वजनाची पद्धत मात्र मागे राहिली.

मित्रहो, माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या पूर्वजांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. पण नाणे झिजविले ते राजाने नव्हे, बाजारात देणाऱ्या-घेणाऱ्या अनाम हातांनी. त्या हातांची नोंद तराजूने घेता येते, हे कोसंबींनी दाखविले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठा आधार कोणता?