सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

भैय्या चौकातल्या डॉक्टर कोटणीस स्मारकावरून आपण सगळ्याजणी येता-जाता जातो. त्यांच्यावरचा व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा बोलपटही पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. पण डॉक्टर चीनमध्ये नेमके काय करीत, हे मला माहीत नव्हते. मागे मंडळात प्रथमोपचाराचा वर्ग झाला. साधी पट्टी बांधताना माझी तिरपीट उडाली. तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी त्यांची गोष्ट काढली, आणि मी त्यांचे चरित्र मिळवून वाचले.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी आपल्या सोलापुरात झाला. मुंबईत शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. चीनने मदत मागितली, तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी लोकांकडून निधी जमवला. १ सप्टेंबर १९३८ रोजी अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस असे पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. बरोबर औषधे आणि रुग्णवाहिका होती.

चुंगकिंगला असताना वडील वारल्याची बातमी आली. थोरल्यांनी परत जाण्यास सुचवले, तरी ते परतले नाहीत. घरी त्या माउलीचे काय झाले असेल! मला हे वाचताना त्यांचा थोडा रागच आला, खरे सांगते.

पुढे ते उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तिथे औषधांची फार टंचाई होती. त्यांच्या आधी तिथे काम करणारे कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून रबरी मोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना बोट कापून घेऊन बसले, आणि विषार चढून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी गेले. शस्त्रक्रियेचे सामान खेचराच्या पाठीवर लादता येईल अशा लाकडी पेट्या त्यांनी करून ठेवल्या होत्या. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख म्हणून कोटणीसांना नेमले. इस्पितळ म्हणजे खेड्यातली घरे. शत्रू आला की जखमींसह सारे हलवायचे.

एकटा डॉक्टर किती जखमींना पुरणार? म्हणून ते तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. शिकणारी मुलेमुली खेड्यांतली, बेताचे शिकलेली, माझ्यासारखी सातवीपर्यंतचीच म्हणा ना. त्यांना समजावे म्हणून डॉक्टर आधी चिनी भाषा शिकले. मग शस्त्रक्रियेचे एक पुस्तक चिनीत लिहिले आणि दुसरे हाती घेतले. १९४० सालच्या एका लढाईत सलग तीन दिवस झोप न घेता त्यांनी जखमींवर उपचार केले. तिथले लोक मायेने त्यांना काळी आई म्हणत.

शाळेतल्या परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ साली त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन.

डॉक्टरांना फेफऱ्याचे झटके येत. विश्रांती घेतली नाही. पुस्तक लिहितानाच झटके सुरू झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय अवघे बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचे होते. इतर चौघे डॉक्टर मायदेशी परतले.

छिंगलानबाईंनी मुलाला वाढवले. तोही वैद्यकीय शिक्षण घेत होता, पण १९६७ साली पदवीपूर्वीच वारला. बाई मात्र २०१२ पर्यंत होत्या.