चारही मुलं डोळ्यांदेखत गेली, पेशव्यांच्या आईने शेवटची वर्षं नाशिकजवळच्या गंगापुरात काढली

गंगापूर म्हटलं की आता धरण आणि द्राक्षं आठवतात. अडीचशे वर्षांपूर्वी याच गंगापुरात मराठी राज्यातल्या सगळ्यात ताकदवान घराची बाई येऊन राहिली होती. गोपिकाबाई, वाईच्या रास्त्यांची लेक आणि नानासाहेब पेशव्यांची बायको.

त्यांना चार मुलं झाली. यशवंतराव लहानपणीच गेला. थोरला विश्वासराव 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर पडला, वय जेमतेम अठरा-एकोणीस. त्याला मोहिमेवर पाठवण्याचा आग्रह आईचाच होता, असं बरेच इतिहासकार लिहितात. खरं असेल तर हे दुखणं वेगळंच म्हणायचं. त्याच जूनमध्ये नानासाहेबही पुण्यात वारले.

मग सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला. पोरगा कारभाराला कडक. 1763 मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, तेव्हा पेशव्यांचं कुटुंब सिंहगडावर गेलं होतं. त्या सुमारास माहेरच्या रास्ते मंडळींवरून माय-लेकात खटका उडाला, असं सांगतात. पुढे गोपिकाबाईंनी पुणं सोडलं आणि गोदाकाठ गाठला. भांडण असलं तरी पत्रव्यवहार तुटला नाही.

18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव थेऊरला क्षयाने गेला. वय 27.

राहिला धाकटा नारायणराव. पेशवा झाल्यावर तो आईला भेटायला गंगापूरला आला होता. त्यानंतर काही महिन्यांतच, 30 ऑगस्ट 1773 ला, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला कापून काढलं. कटात नाव आलं ते सख्ख्या दिराचं, राघोबादादांचं. म्हणजे मुलगाही घरचा आणि मारेकरीही घरचाच.

यानंतर पेशव्यांची आई नाशकात दारोदार माधुकरी मागायची, अशी आठवण परंपरेत आहे. खजिना हाताशी असताना असं करावंसं का वाटलं असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

पण त्या पूर्ण तुटल्या नव्हत्या. नारायणरावाच्या मागे, 1774 मध्ये, पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला. चाळीस दिवसांचा असताना पेशवा झालेल्या या नातवाला आजीने मोठेपणी उपदेशाचं पत्र धाडलं. दिवस कसा घालवावा, वडीलधाऱ्यांशी कसं वागावं, सगळं त्यात होतं. चार मुलं गेल्यावरही आजी नातवाला शिस्त लावत होती.

1788 मध्ये गोपिकाबाई वारल्या. नातू सात वर्षांनी, 1795 मध्ये, शनिवारवाड्यात वरून पडून गेला. तेवढं मात्र त्यांना बघावं लागलं नाही.