बेथोवेन यांचे बहिरेपण व उपचार

लुडविग फान बेथोवेन (बाप्तिस्मा: १७ डिसेंबर, १७७०, बॉन, मृत्यू: २६ मार्च, १८२७, व्हिएन्ना) हे पाश्चात्त्य अभिजात संगीतातील थोर जर्मन संगीतकार व पियानोवादक होते. १७९२ मध्ये हायडन यांच्याकडे शिकण्यासाठी ते व्हिएन्नात आले. पियानोवादक म्हणून त्यांचा लौकिक वाढत असतानाच, वयाच्या अठ्ठाविशीच्या सुमारास, त्यांची श्रवणशक्ती मंदावू लागली.

कानांत अहोरात्र घोंघावणारा आवाज असे आणि दुरून येणारे वाद्यांचे व गायकांचे उंच सूर त्यांना ऐकू येईनासे झाले. वार्धक्यातील बहिरेपणातही उंच स्वरच प्रथम हरपतात. बेथोवेन यांच्या बाबतीत हे तिशीपूर्वी घडले. व्यवसायाच्या भीतीने त्यांनी ही गोष्ट लपवली आणि लोकांत मिसळणे टाळले. १८०१ मध्ये वेगेलर या वैद्यकव्यवसायी बालमित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी प्रथमच उपचारांची हकीकत सविस्तर कळवली.

पोटाच्या जुन्या विकारामुळे कान बिघडले, अशी त्यांची समजूत होती. डॉ. फ्रांक यांनी शक्तिवर्धक औषधे दिली व कानांत बदामाचे तेल घातले. गुण आला नाही. दुसऱ्या एका वैद्याने थंड पाण्याची स्नाने सुचवली. डॉ. फेरिंग यांनी डॅन्यूबच्या कोमट पाण्याची स्नाने, पोटासाठी गोळ्या आणि कानांसाठी काढा दिला. पोट सुधारले, कान तसेच राहिले. पुढे फेरिंग यांनी डाफ्ने या विषारी झुडपाची साल दोन्ही दंडांवर बांधून फोड आणण्याचा उपाय केला. फोडांमुळे हात काही दिवस वापरता येत नसत. पियानोवादकासाठी याहून गैरसोयीचा इलाज शोधणे कठीण. डॉ. श्मिट यांनी ग्रामीण शांततेचा सल्ला दिला. त्यानुसार १८०२ मध्ये ते हायलिगेनश्टाट येथे राहिले. तेथेच ऑक्टोबरमध्ये त्यांनी भावांना उद्देशून, आत्महत्येचा विचार व कलेमुळे त्यापासून झालेली निवृत्ती सांगणारे पत्र लिहिले. ते पाठवलेच गेले नाही. मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले.

पुढे औषधांवरचा त्यांचा भरवसा ओसरत गेला. मेल्झेल यांनी त्यांच्यासाठी कर्णे तयार केले. १८१८ पासून भेटीस येणारे लोक वहीत प्रश्न लिहीत, बेथोवेन बहुधा तोंडीच उत्तर देत. त्यामुळे उरलेल्या वह्यांत संभाषणाची एकच बाजू दिसते. ७ मे, १८२४ रोजी नवव्या सिंफनीच्या प्रथम प्रयोगानंतर टाळ्यांचा कडकडाट दिसावा म्हणून एका गायिकेने त्यांना श्रोत्यांकडे वळवल्याचे सांगितले जाते.

शवविच्छेदनात श्रवणचेता आक्रसलेल्या व यकृत आकुंचित आढळले. शिशाच्या विषबाधेचा तर्क ज्या केसांवरून दीर्घकाळ मांडला गेला, ती बट एका स्त्रीची असल्याचे २०२३ च्या जनुकीय अभ्यासात निष्पन्न झाले. अस्सल बटांतून यकृतविकाराचा आनुवंशिक धोका व 'ब' यकृतशोथाचा संसर्ग दिसला. बहिरेपणाचे कारण मात्र सापडले नाही.