मोंते कासिनोचे संत बेनेडिक्ट

रोमच्या आग्नेयेस सुमारे १३० किलोमीटरवर कासिनो हे नगर आहे. तेथील डोंगरमाथ्यावरचा भव्य मठ चार वेळा उद्ध्वस्त झाला आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभा राहिला. तो कशाच्या बळावर, हे जाणावयाचे असेल तर त्याच्या संस्थापकाच्या चरित्राकडे वळावे लागते.

संत बेनेडिक्ट यांचा जन्म सुमारे इ. स. ४८० मध्ये इटलीतील नुर्सिया येथे झाला. शिक्षणासाठी ते रोमला गेले. परंतु तेथील स्वैराचाराने त्यांचे मन विटले. सुबियाकोच्या गुहेत त्यांनी तीन वर्षे एकांतवास पत्करला. पुढे काही मठवासीयांनी त्यांना आग्रहाने आपले मठाधिपती केले. मात्र त्यांची शिस्त न सोसून त्यांच्यावरच विषप्रयोग केला, असे परंपरा सांगते. बेनेडिक्ट शांतपणे निघून गेले आणि त्यांनी सुबियाको परिसरात बारा लहान मठ स्थापिले.

सुमारे ५२९ साली ते कासिनोला आले. अपोलोच्या जुन्या मंदिराच्या जागी त्यांनी प्रार्थनागृह उभारले आणि येथेच आपली ७३ प्रकरणांची नियमावली सिद्ध केली. प्रार्थना, शारीरिक श्रम आणि पवित्र वाचन यांत दिवस विभागलेला असावा, महत्त्वाच्या निर्णयात सर्वांत धाकट्या बंधूचेही मत घ्यावे, दारी आलेल्या पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्ताप्रमाणे करावे, असा तिचा आशय आहे. सुमारे ५४७ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर सहाव्या शतकात लोंबार्डांनी, ८८३ मध्ये सारासेनांनी आणि १३४९ मध्ये भूकंपाने मठाचा विध्वंस केला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकीत तो पुन्हा कोसळला. अमूल्य हस्तलिखिते आधीच रोमला हलविल्याने वाचली. मठ पूर्वीच्याच आराखड्यानुसार बांधण्यात आला व २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पौल यांनी तेथील मंदिराचे पुनःसमर्पण करून संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते घोषित केले.

आपण तेथे गेलात, तर प्रशस्त अंगणे, ग्रंथसंपदा व वस्तुसंग्रहालय अवश्य पाहा. मुख्य वेदीखालील संत बेनेडिक्ट आणि त्यांची भगिनी संत स्कोलास्टिका यांच्या समाधीपाशी क्षणभर थांबा. पायथ्याच्या युद्धस्मशानभूमीत आपल्या भारतीय जवानांचेही स्मरण करा. परतताना त्या नियमावलीतील एखादा नियम घरी आणा. उंबरठ्यावर आलेल्या अनोळखी माणसात ख्रिस्त पाहण्यासाठी डोंगर चढावा लागत नाही.