बोरघाट आणि बर्कले

रॉबर्ट स्टीफनसन यांच्या हाताखाली काम केलेले जेम्स बर्कले १८५० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईस आले. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत गाडी धावली. खरी कसोटी बोरघाटाचीच होती. ३७ फुटांस १ फूट असा चढ, २५ बोगदे, पटकीने व अपघातांनी दगावलेले हजारो मजूर (त्यांची नावे कोण टिपणार?). अवघड बांधकाम टाळण्यासाठी बर्कले यांनी खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटविणारे स्थानक योजिले. बांधताना वाचलेला खर्च पुढे वेळ आणि धोका यांच्या रूपाने वसूल झाला. १८६२ मध्ये बर्कले इंग्लंडात निवर्तले. घाट खुला झाला १८६३ मध्ये. ते स्थानक वगळणारा नवा मार्ग मात्र १९२९ मध्ये, विजेच्या इंजिनांच्या सुमारास आला.