कर्मवीर भाऊराव पाटील आणि साताऱ्यातील दुफळी

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव ऐकले नाही असा मनुष्य क्वचितच सापडेल. त्यांनी वसतिगृहे काढली, शाळा काढल्या, गोरगरिबांची मुले शहाणी केली, हे सर्वांस विदित आहेच. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू अशी आहे की जिच्याकडे जयंतीच्या दिवशी हार घालणाऱ्या मंडळींचे फारसे लक्ष जात नाही. त्यांच्या तरुणपणी या मुलुखात ब्राह्मण व ब्राह्मणेतर अशी मोठी दुफळी माजली होती. ती दुफळी खरोखरीची होती, किंवा पुढाऱ्यांनी व वर्तमानपत्रांनी फुगविलेली होती, हा वाद तेव्हाही होता व आजही मिटलेला नाही. भाऊराव त्या दुफळीच्या मध्यभागी वाढले, तिच्यात एका बाजूने उभे राहिले, आणि तरीही तिच्या कुंपणापलीकडे त्यांचा हात वरचेवर जात असे. म्हणून त्यांचे चरित्र या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

असा वाद केवळ आपल्याच देशात आहे असे वाचकांनी समजू नये. अमेरिकेत दोन मोठे राजकीय पक्ष असून त्यांचे अनुयायी एकमेकांपासून फार दुरावले आहेत असे तिकडे पुष्कळ वर्षे बोलले जात आहे. मॉरिस फियोरिना नावाच्या एका विद्वानांनी २००४ साली ग्रंथ लिहून असे मांडले की भांडण पुढाऱ्यांचे व कार्यकर्त्यांचे आहे, सामान्य जनता बहुतेक मध्यावरच आहे. अॅलन अब्रामोवित्झ नावाच्या दुसऱ्या विद्वानांनी त्याचे खंडन करून, फूट लोकांत खोलवर गेली आहे, असे प्रतिपादिले. दोघांनीही मतदारांची मते मोजूनच आपापले म्हणणे मांडले. साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी अशी मोजणी करणारे कोणी नव्हते. जे कळते ते माणसांच्या वागण्यावरूनच कळते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे झाला. घराणे दिगंबर जैन शेतकऱ्यांचे. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. हा तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा असा निराळा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. वडील पायगोंडा पाटील सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते. लहानपणी अस्पृश्यांस विहिरीचे पाणी भरू देत नाहीत हे पाहून भाऊरावांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात.

इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात गेले व जैन वसतिगृहात राहू लागले. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान केल्यावाचून पंक्तीस बसता येणार नाही असे त्यांस बजावण्यात आले, तेव्हा त्यांनी स्नान करण्यास साफ नकार दिला. वसतिगृहाचे प्रमुख अण्णासाहेब लट्ठे यांनी त्यांस काढून टाकले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लट्ठे हे काही सनातनी ब्राह्मण नव्हते. ते जैन होते, विद्वान होते, ब्राह्मणेतर चळवळीतील अग्रगण्य पुढारी होते, आणि पुढे छत्रपती शाहू महाराजांचे चरित्र त्यांनीच लिहिले. म्हणजे ब्राह्मणेतर हे जे एक मोठे घर सांगितले जात असे, त्याच्या आतही उंबरठे होतेच, आणि सर्वांत खालच्या उंबरठ्याबाहेर महार व मांग उभे होते. ज्या माणसास पंक्तीतून उठविले त्याने ही गोष्ट आयुष्यभर विसरली नाही. शाहू महाराजांनी त्यांस आपल्या आश्रयास घेतले. मॅट्रिकची परीक्षा मात्र काही भाऊराव उतरले नाहीत.

१९१४ साली कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले. त्या प्रकरणात लट्ठे यांस गुंतविण्याचा घाट घातला गेला, व भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांजवर दडपण आणण्यात आले. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यांस कोठडीत टाकले. तेथे त्यांचे एवढे हाल झाले की त्यांनी स्वतःचा प्राण घेण्याचाही प्रयत्न केला. ज्या लट्ठ्यांनी त्यांस वसतिगृहाबाहेर घालविले होते, त्याच लट्ठ्यांसाठी त्यांनी हे सोसले. आमच्या मते त्यांच्या सर्व चरित्रात याहून मोठी गोष्ट नाही. शाळांची संख्या हिच्यापुढे दुय्यम आहे.

सुटका झाल्यावर ते साताऱ्यास आले व शिकवण्या करून पोट भरू लागले. पुढे ओगले काच कारखान्याचे व मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे फिरते विक्रेते झाले. हे दोन्ही कारखाने ब्राह्मण उद्योजकांचे होते, एक कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस व दुसरा औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीस. लोखंडी नांगराने जमिनीस विष चढते अशी तेव्हा कुणब्यांची समजूत होती. ती दूर करीत भाऊराव गावोगाव हिंडत. दिवसा ब्राह्मणाच्या कारखान्याचा नांगर विकावा व रात्री सत्यशोधक सभेत भटजी आणि सावकार यांच्याविरुद्ध बोलावे, असा त्यांचा क्रम होता. यात त्यांस काही विसंगत वाटले नाही, आणि शेतकऱ्यांसही वाटले नसावे. नांगर चांगला होता.

आता दुफळी खरी होती काय, याचा विचार करू. १९१९ ते १९२१ या सालांत सातारा जिल्ह्यात सत्यशोधक चळवळीस मोठे उधाण आले. लोक भटजीवाचून लग्ने लावू लागले. जलसेवाले गावोगाव फिरू लागले. कित्येक ठिकाणी कुळांनी ब्राह्मण जमीनदारांस खंड देण्याचे नाकारले. हे केवळ पुढाऱ्यांच्या चिथावणीने घडले असे म्हणणाऱ्यांनी तेव्हाच्या खेड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. दफ्तर कुलकर्ण्याच्या हाती, कर्ज सावकाराच्या वहीत, लिहिणे वाचणे थोड्या घरांत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बंद करून तलाठी नेमले, ते उगाच नव्हे. ज्यास आपल्या नावावरील कर्जाचा आकडा वाचता येत नाही, त्यास ही फूट काल्पनिक आहे असे सांगणे व्यर्थ होय.

परंतु दुसरी बाजूही आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या, आणि तेव्हापासून जातीचे नाव मते मिळविण्याच्या कामी येऊ लागले. खंड, व्याज आणि शाळा यांविषयीचे गाऱ्हाणे एका बाजूस राहिले व कोणास मंत्रिपद मिळेल याची चर्चा वाढली. भाऊरावांस याचा अनुभव स्वपक्षातच आला. साताऱ्यातील धनजीशा कूपर हे पारशी गृहस्थ ब्राह्मणेतर पक्षाचे वजनदार पुढारी होते. त्यांच्या लोखंडी कारखान्याची उभारणी करण्यास भाऊरावांनी मनापासून मदत केली. कारखान्याच्या नफ्यातील वाटा बहुजनांच्या शिक्षणास मिळेल अशी त्यांस आशा होती. ती पुरी झाली नाही, व दोघांचे बिनसले. हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान झाले. तोपर्यंत ब्राह्मणेतर पक्ष विरत चालला होता. केशवराव जेधे आदिकरून तरुण मंडळी काँग्रेसमध्ये गेली होती. जो पक्ष दहा वर्षांपूर्वी काँग्रेसला ब्राह्मणांची सभा म्हणत असे, त्यातलेच लोक काँग्रेसच्या सभेत पुढे बसलेले दिसू लागले. पक्ष असे विरले तरी विहिरी निराळ्याच राहिल्या.

भाऊरावांनी आपले बळ पक्षाच्या कामी न लावता मुलांच्या कामी लावले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले.   मराठे, जैन, मुसलमान, महार, मांग, रामोशी अशी नाना जातींची मुले तेथे एकत्र राहत, पाळीने स्वयंपाक करीत, आणि एकाच पंक्तीस जेवत. येथे मोठी अडचण होती ती घरच्या माणसांची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. त्या मुलांच्या स्वयंपाकघरात आरंभी कशा मनाने शिरल्या असतील याची कल्पना आपल्यापैकी ज्यांच्या घरांत असा प्रसंग आला आहे त्यांनीच करावी. तथापि त्या शिरल्या, आणि मग मागे फिरल्या नाहीत. कोठीतले धान्य संपले तेव्हा त्यांनी आपले दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांच्यावर याहून पुष्कळ अधिक पाने खर्च व्हावयास हवी होती.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. यातील मौज आजच्या वाचकांच्या सहज ध्यानात येणार नाही. शाहू महाराज इंग्रज सरकारचे स्नेही व टिळकपक्षाचे कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्ध होते. आणि त्यांचे नाव द्यावयास काँग्रेसचे सर्वश्रेष्ठ पुढारी आले होते. भाऊराव स्वतः त्यापूर्वीच खादी वापरू लागले होते. सत्यशोधक असून खादीधारी, शाहूभक्त असून गांधीभक्त, असा हा मनुष्य कोणत्या रकान्यात घालावा हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांस कळत नसे. १९३२ च्या पुणे करारानंतर त्यांनी पुण्यास युनियन बोर्डिंग काढले, तेही स्पृश्य व अस्पृश्य मुलांनी एकत्र राहावे याच हेतूने. १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, अशी कामे होत गेली. कॉलेजात कमवा व शिका या पद्धतीने मुले मेहनत करून शिकत.

मग १९४८ साल उजाडले. ३० जानेवारीस गांधीजींचा वध झाला. मारेकरी ब्राह्मण आहे हे कळताच सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत जमावांनी ब्राह्मणांच्या घरांस आगी लावल्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासही आग लावण्यात आली. ज्या कारखान्याचा नांगर भाऊरावांनी खेडोपाडी नेला होता त्यावरच ही पाळी आली. कित्येक ब्राह्मण कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडले व ती पुन्हा परतली नाहीत. दुफळी फुगविलेली होती असे मानणाऱ्यांस या आगीचा उलगडा करता येत नाही. परंतु जळालेल्या घरांतील कित्येकांनी कोणाचे व्याज कधी घेतले नव्हते. जुने खरे गाऱ्हाणे आणि वर्षानुवर्षे सभांतून ऐकलेले अतिशयोक्त बोलणे, यांतले आगीत किती व कोणते होते हे निवडून काढणे कठीण आहे. आमची समजूत अशी की फूट खरी होती, पण ती जेवढी होती त्याहून मोठी आहे असे मानून वागल्यामुळे ती तेवढी मोठी होत गेली.

भाऊरावांनी गांधीजींच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प जाहीर केला. त्याच साली त्यांच्या संस्थेवर संकट आले. भाऊराव सरकारवर सभांतून टीका करीत. मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. मुख्य मंत्री बाळासाहेब खेर हे ब्राह्मण, म्हणून हा जातीचा सूड आहे असे इकडे बोलले गेले. भाऊराव जातीय विष पसरवितात असे तिकडे बोलले गेले. दोन्ही बोलणी सोपी होती. शिक्षकांनी पगारावाचून दिवस काढले, खेड्यांतील लोकांनी धान्य व पैसा दिला, गाडगे महाराजांनी रदबदली केली असे सांगतात, आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. ते सुरू करणारे सरकारही खेरांचेच होते.

१९५४ साली कऱ्हाडास गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज निघाले. १९५९ साली भारत सरकारने भाऊरावांस पद्मभूषण व पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या मनुष्यास ती मिळाली याचे खेड्यांतील लोकांस विशेष कौतुक वाटले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. रयत शिक्षण संस्थेच्या हल्ली सातशेंहून अधिक शाखा असून त्यांत ब्राह्मणांची, मराठ्यांची, महारा-मांगांची, मुसलमानांची व ख्रिस्ती घरांतील मुले एका बाकावर बसतात.